दोष पोरांच्या माथी नको

मागच्या शनिवारी वाशीत एक करिअर मार्गदर्शन शिबिर होतं. शेवटच्या वर्षाला असलेली, नुकतीच पास झालेली आणि पास होऊन दोन वर्षं घरी बसलेली, अशी सगळी मुलं तिथे होती. निम्म्या खुर्च्यांवर आईवडील होते. व्यासपीठावर एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मनुष्यबळ विभागातले मोठे अधिकारी बोलत होते. बोलणं मुद्देसूद होतं, मुलांबद्दल आपुलकीही होती. मग ते वाक्य आलं : ‘नोकऱ्या भरपूर आहेत हो, घेण्यालायक मुलंच मिळत नाहीत.’ सभागृहात टाळ्या पडल्या.

माझ्या शेजारी घणसोली गावातले एक गृहस्थ लेकीला घेऊन बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. लेकीकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, ‘ऐकतेस ना, सर काय सांगतात?’ मुलीने मान खाली घातली. मांडीवरच्या प्लास्टिकच्या फाइलचं बटण ती उघडत राहिली, लावत राहिली.

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. ते वाक्य सभागृहात संपत नाही, ते घरात शिरतं. रात्री जेवताना ते बापाच्या तोंडून येतं, मग आईच्या, मग काकांच्या. सहा महिन्यांनी मुलगी स्वतःच स्वतःला तेच सांगायला लागते. आणि ते खरं नाही. मी २३ वर्षं सॉफ्टवेअरच्या याच धंद्यात आहे, त्यातली १६ वर्षं मुलाखती घेणाऱ्या बाजूला बसते आहे. त्या खुर्चीवरून जे दिसतं ते सांगितलंच पाहिजे.

आधी साधा काळाचा हिशेब करू. २०२१-२२ या एका आर्थिक वर्षात एकट्या टीसीएसने एक लाख फ्रेशर घेतले. ते वर्ष ऐरोली-महापे या आयटी पट्ट्यातल्या कुणीही विसरलेलं नसेल. एकेका मुलाच्या हातात तीन-तीन ऑफर लेटर होती. आमच्याकडे शनिवार-रविवार व्हिडिओवर मुलाखती चालायच्या, प्रत्येकी १५ मिनिटं. टेक्निकल प्रश्न दोन-तीनच विचारा, फार खोलात जाऊ नका, अशी आम्हाला सूचना होती. लूप लिहिताना अडखळणाऱ्या मुलांनाही मी त्या वर्षी पास केलं आहे. त्यातली बहुतेक मुलं पुढे उत्तम काम करायला लागली, हेही सांगते.

आता दोनच वर्षं पुढे या. २०२३-२४ मध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून कर्मचारीसंख्या सुमारे ६४ हजारांनी घटली. टीसीएसची १३ हजारांहून जास्त, इन्फोसिसची जवळपास २६ हजार, विप्रोची साडेचोवीस हजार. या दोन वर्षांत नवी मुंबईतल्या कॉलेजांत काय बदललं? नेरूळ, ऐरोली, खारघर, नवीन पनवेल इथली कॉलेजं तीच, प्राध्यापकही तेच. २०२२ साली लायक असलेली मुलं आणि २०२४ साली नालायक ठरलेली मुलं एकाच प्रयोगशाळेत, एकाच बाकावर शिकलेली आहेत. कित्येक घरांत तर ती सख्खी भावंडं आहेत. थोरल्याला कॅम्पसमधून नोकरी लागली, धाकटीला लागली नाही, म्हणून ती ‘कमी पडली’ असं ज्या घरांत समजलं जातं, त्या घरांना मला हे ओरडून सांगावंसं वाटतं.

बदललं ते दुसरीकडेच. मार्च २०२२ पर्यंत अमेरिकेचा व्याजदर जवळजवळ शून्यावर होता. महागाई आटोक्यात आणण्यासाठी तिथल्या मध्यवर्ती बँकेने तो वाढवायला घेतला आणि जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. पैसा महाग झाला की अमेरिकेतली बँक, विमा कंपनी, दुकानांची साखळी नवे प्रकल्प थांबवते. जुनं चालू ठेवते, नवं पुढच्या वर्षावर ढकलते. आपल्या कंपन्यांचं मोठं उत्पन्न तिथून येतं. तिकडे प्रकल्प थांबला की इकडे ऐरोलीत भरती थांबते. त्यातच कोविडच्या काळात मागणी चढीच राहील असं धरून कंपन्यांनी गरजेपेक्षा जास्त माणसं घेऊन ठेवली होती. तो अंदाज चुकला. अंदाज कंपनीचा चुकला, व्याजदर वॉशिंग्टनमध्ये वाढला, आणि मान खाली घातली घणसोलीच्या मुलीने.

कौशल्य मोजणाऱ्यांचेच आकडे घेऊ. ‘इंडिया स्किल्स रिपोर्ट’ नावाचा अहवाल दरवर्षी निघतो, देशातल्या पदवीधरांपैकी नोकरीयोग्य किती ते सांगतो. शिबिरांत आणि वर्तमानपत्रांत त्याचाच दाखला देतात. अशा चाचण्यांवर माझा फारसा विश्वास नाही, पण ज्यांचा आहे त्यांनी त्या अहवालाचे जुने अंकही काढून पाहावेत. २०१४ साली नोकरीयोग्य पदवीधरांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं. २०२५ च्या अहवालात ते ५५ टक्क्यांच्या जवळ आलं. त्यांच्याच मोजपट्टीने मुलं सुधारत गेली, आणि नेमक्या त्याच काळाच्या शेवटी भरती आटली. नोकरी जर कौशल्यावर हलत असती, तर हे दोन आकडे उलट दिशांना गेले नसते.

आणखी एक गोष्ट बाजारात भाजी घेणाऱ्या कुणालाही कळेल. माल दुर्मीळ झाला की त्याचा भाव चढतो. लायक मुलं जर खरोखर मिळत नसतील, तर सुरुवातीचा पगार चढायला हवा होता. २०१२ च्या सुमाराला मोठ्या कंपन्या फ्रेशरला वर्षाला तीन-सव्वातीन लाख देत होत्या. आज बहुसंख्य मुलांना मिळणारं पॅकेज ३ लाख ३६ हजार ते ३ लाख ६० हजार. दरम्यान देशातली किरकोळ महागाई जवळपास दुप्पट झाली, म्हणजे खऱ्या अर्थाने पगार निम्म्याच्या आसपास आला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कॉग्निझंटची २ लाख ५२ हजारांची ऑफर गाजली. ती बिगर-इंजिनिअरिंग पदवीधरांसाठी आहे, असा खुलासा कंपनीने केला. तो मान्य करूनही महिन्याचे २१ हजार होतात. घणसोली-कोपरखैरण्यात एका खोलीचं भाडं, रेल्वेचा पास आणि डबा यांतून हातात काय राहतं, ते इथल्या मुलांना विचारा. ज्या मालाची टंचाई आहे असं ओरडून सांगतात, त्याचा भाव १२ वर्षं जागचा हलत नाही, हे कसं?

माझ्या स्वतःच्या लायकीबद्दलही सांगते. २००२ साली मी महापेच्या मिलेनियम बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीत रुजू झाले तेव्हा मला प्रोग्रामिंगचं ओ की ठो येत नव्हतं. मी केमिकल इंजिनिअर. आमच्या २८ जणांच्या बॅचमध्ये मेकॅनिकलची मुलं होती, टेक्स्टाइलची होती, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या दोघी होत्या. कंपनीने आम्हाला १४ आठवडे वर्गात बसवलं, पहिल्या दिवसापासून पगार देऊन. कोबोल, जेसीएल, डीबी२. शिकवायला पालघरकडचे एक सर होते. प्रोग्राम ते आधी कागदावर लिहायला लावायचे, मग पेन्सिलीने एकेक ओळ चालवून बघायची, प्रत्येक चलाची किंमत समासात मांडायची. संगणकाला हात लावायची परवानगी दुपारनंतर. दर शुक्रवारी परीक्षा. नापास झालं की पुढच्या शुक्रवारी पुन्हा. त्यानंतर सहा महिने मी एका सीनियर ताईंच्या शेजारी बसून अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या हप्त्यांचा हिशेब दुरुस्त करत होते. त्यातल्या पहिल्या दोन महिन्यांतही मी कंपनीला एक रुपया कमावून दिला नसेल.

हे काही माझ्यापुरतं झालेलं उपकाराचं काम नव्हतं. हा सगळा उद्योग तसाच उभा राहिला. विप्रोने १९९५ पासून बी.एस्सी. झालेल्या मुलांना नोकरीत घेऊन, काम करता करता बिट्स पिलानीची पदव्युत्तर पदवी मिळवून द्यायला सुरुवात केली. इन्फोसिसने म्हैसूरला हजारो मुलं एका वेळी राहून शिकतील एवढं प्रशिक्षण केंद्र बांधलं. सन २००० च्या तारखांचा घोळ निस्तरण्याच्या, म्हणजे वायटूकेच्या वेळी कोणत्या शाखेची मुलं कामाला घेतली गेली ते त्या पिढीला विचारा, सिव्हिलची, केमिकलची, गणिताची, सगळी होती. कच्ची मडकी घ्यायची आणि स्वतःच्या भट्टीत भाजायची, ही या उद्योगाची रीत होती. त्याच रीतीवर तो लाखो कोटींचा झाला. आज तेच उद्योगधुरीण व्यासपीठावरून मडकी कच्ची असल्याची तक्रार करतात. कच्ची ती तेव्हाही होती. फरक एवढाच की आता भट्टी बापाने आपल्या पैशाने लावावी अशी अपेक्षा आहे.

त्या पैशाचा हिशेब मला त्या दिवशी प्लास्टिकच्या फाइलमध्ये दिसला. चहाच्या वेळी मी त्या मुलीशी बोलले, तिने फाइल दिली. आत इंजिनिअरिंगच्या आठ सेमिस्टरच्या गुणपत्रिका, एकही केटी, म्हणजे राहिलेला विषय नाही. त्याखाली ठाण्यातल्या एका क्लासच्या पावत्या : ‘जावा फुल स्टॅक, १०० टक्के प्लेसमेंट साहाय्य’, ५५ हजार, तीन हप्त्यांत. त्याखाली क्लाउडच्या प्रमाणपत्राचे १८ हजार. क्लास पतपेढीचं कर्ज काढून केला होता, प्रमाणपत्र आईची बांगडी मोडून. प्लेसमेंट साहाय्य म्हणजे व्हॉट्सॲपवर रोज येणाऱ्या जाहिरातींच्या लिंक.

त्यातली एक जाहिरात तिने मोबाइलवर दाखवली. वर लिहिलं होतं ‘फ्रेशर’, खाली लिहिलं होतं ‘१ ते २ वर्षांचा अनुभव’. पुढे यादी : जावा, स्प्रिंग बूट, अँग्युलर किंवा रिॲक्ट, डॉकर, कुबरनेटीस, एखादा क्लाउड, डेटाबेस, टेस्टिंग, एआय टूल्स, उत्तम इंग्रजी संभाषण. पगार वर्षाला २ लाख ४० हजार. दोन वर्षांचा बॉण्ड, सही केलेला कोरा चेक आणि मूळ गुणपत्रिका कंपनीकडे जमा. मी ती यादी दोनदा वाचली. माझ्या टीममध्ये आज १९ माणसं आहेत, काहींना १५ वर्षांचा अनुभव आहे. त्या यादीतलं सगळं एकट्याने सफाईने करणारा त्यांच्यात एकही नाही. मीही नाही.

मग अशी यादी लिहितं कोण, आणि का? बहुतेक वेळा ती कुणी विचार करून लिहिलेली नसते. एका टीमने हवं ते लिहिलं, मनुष्यबळ विभागाने जुन्या जाहिरातीतलं जोडलं, भरती करून देणाऱ्या एजन्सीने वर आणखी चार शब्द घातले. एका जागेला हजारांनी अर्ज येतात, म्हणून एक चाळणी बसवलेली असते. ती रिझ्युमेत यादीतले शब्द सापडतात का एवढंच बघते. मुलांना हे कळतं. मग मुलं सगळे शब्द रिझ्युमेत घालतात, डॉकर एक दिवस वापरलं असलं तरी. आणि आम्ही मुलाखत घेणारे म्हणतो, ‘मुलं रिझ्युमेत खोटं लिहितात.’ खोटं लिहिल्याशिवाय जी चाळणी ओलांडता येत नाही, ती आम्हीच लावली आहे.

त्या मुलीला मी विचारलं, ‘तू स्वतःहून काय बनवलंयस?’ ती लाजली. मग तिने फोनवर एक छोटं ॲप दाखवलं. गावात तिच्या काकांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. प्रत्येक खोलीला सबमीटर, महिन्याला वीजबिल वाटून द्यायचं. काकांची वही असायची, भांडणं व्हायची. तिने त्याचं ॲप केलं. एका महिन्यात एका खोलीचं बिल उणे आलं. शोधलं तर त्या खोलीचा मीटर बदलला होता, त्यामुळे नवं रीडिंग जुन्यापेक्षा कमी. तिने मीटर बदलल्याची तारीख आणि दोन्ही मीटरची रीडिंग नोंदवायची सोय केली, आणि बिल कधी उणे आलं तर ते पाठवायच्या आधी माणसाला विचारायचं, अशी अट घातली. ही अट कुणी शिकवली, मी विचारलं. ‘कुणी नाही. काकांनी तसंच बिल भाडेकरूला पाठवलं असतं ना,’ ती म्हणाली.

१६ वर्षं मुलाखती घेऊन मला कळलेलं सांगते. प्रोग्रामरची लायकी हीच. हिशेब कुठे चुकेल आणि चुकला तर कुणाला भोगावं लागेल, एवढा विचार ज्याला सुचतो, त्याला बाकी सगळं तीन महिन्यांत शिकवता येतं. आणि त्या चाळणीत नेमकं हेच दिसत नाही. ते ॲप तिच्या रिझ्युमेत नव्हतं. क्लासच्या सरांनी काढायला लावलं होतं, ‘गावठी प्रोजेक्ट वाटतो’ म्हणून.

नोकरीत असलेल्यांनाही आता ‘लायक नाही’ हाच शब्द लावला जातो आहे. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. कारण एआय नव्हे, कौशल्यांचा मेळ न बसणं आणि योग्य कामावर नेमता न येणं हे आहे, असं कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सांगितलं. या माणसांना काय येतं आणि काय येत नाही, याची जबाबदारी इतकी वर्षं कुणाची होती? त्याच कंपनीने आपल्या पाच लाखांहून जास्त कर्मचाऱ्यांना एआयचं प्राथमिक प्रशिक्षण दिल्याचंही सांगितलं आहे. आणि त्याच वर्षी जूनपासून तिथे नियम आला की वर्षातले २२५ दिवस क्लायंटच्या बिलावर भरले पाहिजेत, बेंचवर ३५ दिवसांहून जास्त राहता येणार नाही. बेंच म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगते : एक प्रकल्प संपला, दुसरा मिळाला नाही, तो मधला काळ. मी २००५ साली अडीच महिने बेंचवर होते. त्या अडीच महिन्यांत मी जावा शिकले, आणि त्यावर पुढची १० वर्षं कंपनीने माझं बिल लावलं. शिकायला जो मोकळा वेळ लागतो तोच आता कापला जातो आहे, आणि मग शिकला नाहीस म्हणून बोट दाखवलं जातं.

ज्यांनी सगळं पार केलं, लायक ठरून ऑफर लेटर मिळवलं, त्यांचं काय झालं? इन्फोसिसने २०२२ साली ऑफर दिलेल्या मुलांपैकी सुमारे दोन हजार जण दोन वर्षांहून जास्त काळ रुजू होण्याची वाट पाहत राहिले. पुण्याच्या ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. अखेर २०२४ च्या शरदात त्यांना बोलावलं गेलं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत म्हैसूरच्या केंद्रातून ३०० हून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षा पास न झाल्याच्या कारणाने घरी पाठवलं. तीन संधी दिल्या होत्या, असं कंपनीचं म्हणणं आहे. असेलही. पण दोन वर्षं विनापगार ताटकळलेल्या मुलाच्या हातून मधल्या काळात काय काय निसटलं असेल, हे त्या परीक्षेत मोजलं गेलं नाही.

वाशीच्या त्या सरांचा दुसरा मुद्दा एआयचा होता, आणि त्यात तथ्य आहे. नव्या मुलाला पहिल्या वर्षी जी कामं देतात, छोट्या चुका दुरुस्त करणं, टेस्ट लिहिणं, कागदपत्रं बनवणं, त्यातलं बरंचसं आता यंत्र करतं. माझ्या टीममध्ये दोन दिवसांचं काम तासाभरात होताना मी पाहते. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? यंत्राने लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे ठरवायला माणूस लागतो, आणि तो तयार व्हायला बँकेचा दिवसअखेरचा हिशेब कसा जुळवतात, विम्याचा दावा कुठल्या पायरीवर नाकारला जातो, हे माहीत असावं लागतं. हे ज्ञान ठाण्यातल्या कुठल्याही क्लासमध्ये ५५ हजारांना मिळत नाही. ते फक्त कामावर, सीनियरच्या शेजारी बसून येतं. म्हणजे एआयमुळे कंपनीने शिकवण्याची गरज वाढली आहे. आज जो तो ‘४ ते ८ वर्षं अनुभव’ असलेली माणसं एकमेकांकडून पळवतो आहे. आज कुणीच फ्रेशर घेतला नाही, तर आठ वर्षांनी तेवढ्या अनुभवाचा माणूस येणार कुठून?

कॉलेजांची बाजू घ्यायला मी बसलेले नाही. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात, असलेल्यांवर तासिकांचा आणि कागदपत्रांचा ढीग असतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. सारख्याच स्क्रीनशॉटचे चार अहवाल चार कॉलेजांच्या नावाने मी एका आठवड्यात पाहिले आहेत. हा गुन्हा आहे आणि तो निस्तरला पाहिजे. पण कंपनीला जे हवं ते कॉलेजने शिकवावं, ही मागणी मुळात पुरी होण्यासारखी नाही. मागच्या १० वर्षांत आमच्या जाहिरातींतला ठळक शब्द बिग डेटा होता, मग ब्लॉकचेन झाला, मग फुल स्टॅक, आता जनरेटिव्ह एआय. चार वर्षांचा अभ्यासक्रम या शब्दांमागे धावला तर तो दर वेळी उशिराच पोचेल. कॉलेजने गणित, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क पक्कं करावं आणि मुलांना दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायला लावावा. पुढचं काम नोकरी देणाऱ्याचं आहे.

हे काम नोकरी देणाऱ्याचं आहे असं मी म्हणते तेव्हा मला माझे वडील आठवतात. १९७४ साली ते ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ॲप्रेंटिस फिटर म्हणून लागले. आयटीआय होतं, पण कारखान्यातलं मशीन त्यांनी आधी पाहिलेलं नव्हतं. कंपनीने स्टायपेंड दिला, उस्तादाच्या हाताखाली ठेवलं, वर्षभराने परीक्षा घेतली. हे कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं नव्हतं. ॲप्रेंटिस कायदा १९६१ सालचा आहे आणि तो आजही लागू आहे : ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के ॲप्रेंटिस घेतलेच पाहिजेत, पदवीधरही त्यात येतात. त्याच रस्त्याच्या कडेला आज काचेच्या इमारती आहेत. तिथल्या कंपन्यांना कायदा तोच.

या जमिनीचाही विचार करा. नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी १९७० साली आली. ९५ गावांच्या शेतांवर, मिठागरांवर हे शहर उभं राहिलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक जमीन एमआयडीसीने त्याआधीच घ्यायला सुरुवात केली होती. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या आंदोलनात जासई-दास्तान परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. जमीन घेताना ती देणाऱ्यांना एक शब्द दिला होता : तुमच्या पोरांना इथे काम मिळेल. कारखान्यांनी तो काही प्रमाणात पाळला. आता कारखान्यांच्या जागी रबाळे, महापे, ऐरोली, दिघ्यात डेटा सेंटर उभी राहत आहेत. पनवेलला योट्टा कंपनीचं २०२० मध्ये सुरू झालं. समुद्राखालच्या केबल मुंबईत उतरतात, वीज भरवशाची आहे, बँका जवळ आहेत, म्हणून ती इथे येतात. गुंतवणुकीचे आकडे हजारो कोटींचे असतात, पण इमारत उभी राहिल्यावर आत पाळीला मोजकीच माणसं लागतात, आणि तीही वीज, जनरेटर, चिलर, फायबर सांभाळणारी. ही कामं शिकवायला एक वर्ष पुरतं. इथल्या आयटीआयच्या मुलांना ती का शिकवली जात नाहीत? डेटा सेंटरला २०२२ च्या अर्थसंकल्पात पायाभूत सुविधेचा दर्जा मिळाला, राज्याच्या आयटी धोरणातून सवलती मिळतात. घेणाऱ्यांनी घेतल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांनी सवलत घेतली त्यांनी दरवर्षी दोन आकडे जाहीर करावेत : किती फ्रेशर घेतले, आणि त्यांना पगार देऊन किती आठवडे शिकवलं. ऑफर लेटरवर रुजू होण्याची तारीख लिहावी आणि ती उलटली तर त्या दिवसापासून पगार द्यावा. मूळ गुणपत्रिका आणि कोरा चेक मागणाऱ्यांवर कामगार खात्याने कारवाई करावी.

पंतप्रधान इंटर्नशिप योजना आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. २०२४ पासून देशातल्या ५०० मोठ्या कंपन्यांसाठी. योजना सुरू झाली तेव्हा मुलाला महिन्याला पाच हजार ठरले, त्यातले साडेचार हजार सरकारचे आणि ५०० कंपनीचे. महिन्याला ५०० रुपयांत माणूस घडवण्याची जबाबदारी फिटत नाही.

शिबिर संपलं तेव्हा ते घणसोलीचे गृहस्थ माझ्यापाशी आले. ‘ताई, मग आता हिला कुठला क्लास लावू? एआयचा लावू का? ७० हजार सांगतात.’ मी म्हटलं, ‘एकही लावू नका. ते मीटरचं ॲप रिझ्युमेत सगळ्यात वर लिहायला सांगा, आणि ती उणे बिलाची गोष्ट तिला कुणी विचारलं नाही तरी सांगायला सांगा.’ ते जरा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी लेकीला विचारलं, ‘कुठलं ॲप गं? काकाच्या खोल्यांचं? ते तू बनवलंस?’

ती हो म्हणाली. एनएमएमटीच्या बसथांब्यापर्यंत तो बाप तिला त्याच ॲपबद्दल विचारत चालला होता, आणि ती हाताने हवेत मीटर काढून दाखवत होती.